फाटकाबाहेरचा कप्तान

झेफिरिन मावशीच्या अंगणात शिरायचं तर आधी फाटकाबाहेर उभं राहून "ओने!" अशी हाक द्यावी लागे. ओने म्हणजे मान. आतून "रेस्पे!" असं उत्तर आलं, म्हणजे आदर आहे, या, की मगच कडी काढायची. तशी ही रीत आमच्या ओकाय बंदरात घरोघरी आहे, शेंबडं पोरही ती पाळतं. पण मावशीचा कडवेपणा काही औरच होता. एकदा तिच्या मक्यात डुक्कर शिरलं म्हणून सांगायला शेजारीण धापा टाकत थेट अंगणात घुसली. मावशीने तिला परत बाहेर पाठवलं, हाक द्यायला लावली, उत्तर दिलं, आणि मग विचारलं, "हं, काय म्हणत होतीस?" तोवर डुकराने अर्धा मका फस्त केला होता.

लोक हसायचे. पण मावशीचं आधीचं आयुष्य ज्यांना ठाऊक होतं ते हसत नसत. ती जन्मली उसाच्या मळ्यावर, फ्रेंच मालकाच्या राज्यात. तिथे गुलामांच्या झोपड्यांना दार नसे, नुसती चटई लोंबकळे, आणि मुकादम ती बुटाने बाजूला सारून हवं तेव्हा आत येई. माणूस जेवत असो, झोपलेलं असो, बाळंत होत असो. म्हणून मालकांना समुद्रात ढकलून हैती आमचा झाला आणि मावशीला बंदराजवळ तुकडाभर जमीन मिळाली, तेव्हा तिने घराच्या आधी कुंपण घातलं आणि कुंपणाला फाटक बसवलं. आत घर नव्हतंच. बाई कित्येक दिवस उघड्यावर झोपली, पण फाटकाला आतून कडी लावून.

"घर काय, होईल," ती म्हणे, "आधी कुणी न विचारता आत येणार नाही एवढं बघू दे."

पोटासाठी ती कसाव्याच्या भाकरी करी. कंद किसायचा, वेताच्या लांब पिशवीत भरून फांदीला टांगायचा, खाली धोंडा बांधून त्यातलं विषारी पाणी पिळून काढायचं, मग वाळवून, चाळून तव्यावर थापायचा. तिचा तवा म्हणजे जुन्या मळ्यावरच्या रस उकळायच्या काहिलीचं बूड होतं. मळा जळला त्या दिवशी लोकांनी चांदीचे काटे-चमचे पळवले, हिने काहिलीचं बूड डोक्यावर घेतलं. त्याच काहिलीने तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. "हिने माझं कातडं खाल्लं, आता मला जेवू घालील," असा तिचा साधा हिशेब. मावशीच्या भाकरीला कीड लागत नसे, म्हणून गलबतवाले तिच्याकडे रांग लावत.

दोन मुलगे होते तिला. थोरला लिंदोर फ्रेंचांशी झालेल्या शेवटच्या लढाईत गेला. त्याचं प्रेतही हाती लागलं नाही. राहिला धाकटा नार्सिस. तो गलबतावर सुकाणू धरायचा आणि पार दक्षिणेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन खेचरं नि काकाओ, म्हणजे कोकोच्या बिया, घेऊन यायचा. प्रत्येक फेरीला तो निघताना मावशी उंबऱ्यावर लिंदोरच्या नावाने पाणी सोडी आणि म्हणे, "याच्यावर लक्ष ठेव रे." ते पाणी पडल्याशिवाय नार्सिस होडीत पाय ठेवत नसे.

ही गोष्ट आहे १८१६ सालची. नवं वर्ष लागलं, स्वातंत्र्याच्या दिवसाचं भोपळ्याचं सूप पिऊन झालं, आणि दक्षिणेकडून माणसांनी भरलेली गलबतं यायला लागली. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी स्पेनच्या राजाविरुद्ध बंड केलं होतं, राजाच्या फौजेने त्यांचं शहर वेढलं आणि उपाशी मारलं. शेवटी शेवटी त्यांनी घोड्यांचे लगाम उकडून खाल्ले होते म्हणे. आलेल्यांत बायका होत्या, पोरं होती, अधिकारी होते, आणि सगळ्यांचे डोळे खोल गेलेले. आमच्या बंदराच्या सेनापतीने दवंडी पिटवली, ज्याच्या घरी खोली असेल त्याने एखादं कुटुंब ठेवून घ्यावं. मावशीने आपणहून नाव दिलं. भुकेलं माणूस तिला बघवत नसे.

तिच्या वाट्याला आला कप्तान उर्बीना. उंच, सुकवलेल्या माशासारखा वाळलेला, एक हात गळ्यात बांधलेला. बंडात सामील होण्याआधी तो काकाओच्या मळ्याचा मालक होता. त्याने फाटक पाहिलं, कडी काढली आणि सरळ आत आला. टोपी काढून फ्रेंचमध्ये म्हणाला, "नमस्कार मादाम. मी कप्तान उर्बीना. आणि ती माझी रुफिना."

मावशी तव्याजवळ उकिडवी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. फाटकाबाहेर डोक्यावर पेटी घेऊन एक काळी, तरणी बाई उभी होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं, म्हणून ती तिथेच थांबली होती.

"पोरी, 'ओने' म्हण," मावशी म्हणाली.

रुफिनाला आमची भाषा कळत होती. तिकडच्या किनाऱ्यावर अशी बोलणारी पुष्कळ माणसं आहेत. ती हळूच म्हणाली, "ओने."

"रेस्पे! ये बाई आत. पेटी ठेव खाली. ज्याची असेल तो उचलेल."

झालं. मावशीच्या लेखी त्या दिवशी घरात पाहुणी आली ती एकटी रुफिना. कप्तान न विचारता शिरला होता, म्हणजे तो आलाच नव्हता. जो आला नाही त्याच्याशी बोलायचं कसं? मावशी त्याच्या वाटणीची भाकरी आणि मासळीचं कालवण मात्र रोज रुफिनाच्या हाती देई. "हे बाहेर कुणी उपाशी असेल तर त्याला दे," म्हणे. कप्तान समोर बसून "फार छान झालंय, मादाम" असं म्हणाला की मावशी वर बघून विचारी, "रुफिना, झाडावर पोपट बसलाय का गं?" बिचाऱ्याला वाटलं म्हातारी बहिरी आहे. तो जोरजोरात ओरडून बोलू लागला. सगळा मोहल्ला कुंपणापाशी येऊन पोट धरून हसायचा.

रुफिना मात्र हसत नव्हती. ती कप्तानाचे बूट पुसायची, शर्ट धुवायची, त्याने नुसती मान हलवली की उठायची. एक दिवस कंद किसता किसता मावशीला राहवलं नाही. "तुला कुणी सांगितलं नाही का? या देशात गोऱ्याने मालक म्हणून पाय ठेवायचा नाही, असं आमच्या कायद्यात लिहिलंय. तू गलबतावरून उतरलीस तेव्हाच सुटलीस. टाक ते बूट समुद्रात."

"मी सुटले गं मावशी," रुफिना म्हणाली. "पण माझी आई आणि लेक त्याच्या मळ्यावर आहेत. मी इथे मान ताठ केली आणि उद्या हा परत गेला, तर?"

 मावशीने किसणी उचलली आणि इतक्या जोरात चालवली की बोटं सोलली.

शेजारी आपोलिनेर राहायचा. लढाईत एक पाय गमावलेला सार्जंट, लाकडी पायावर टकटक करत फिरायचा आणि बंदरावरची प्रत्येक बातमी आधी मावशीच्या फाटकावर आणून टाकायचा. रीतसर हाक देऊन, अर्थात. एका सकाळी तो आला तोच फुगून.

"ऐकलंस का झेफिरिन? आपले राष्ट्राध्यक्ष या लोकांना बंदुका देतायत. दारूगोळा, गलबतं, छापखानासुद्धा! परत जाऊन राजाशी लढायला."

"आपल्या पोरांना बूट नाहीत, आणि यांना छापखाना?"

"अगं, शेजाऱ्याचं छप्पर पेटलं असताना आपण आपल्याच छपरावर पाणी शिंपडत बसायचं का? हे राजे सगळे एकमेकांचे भाऊबंद. स्पेनचा तिकडे टिकला की फ्रेंचांचा इकडे येणार. गेल्या खेपेला त्याचा माणूस गोड गोड बोलून गेला ते विसरलीस? दाराशी गाठोडं तू कशासाठी बांधून ठेवलंयस?"

ते खरंच होतं. आमच्याकडे प्रत्येक घरी दाराशी गाठोडं तयार असे. किनाऱ्यावर फ्रेंच तोफ वाजली की शहराला आग लावायची आणि डोंगरावर चढायचं, हे लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. आमच्या देशाचं वय तेव्हा इतकं कोवळं होतं की जगातल्या कुठल्याही राज्याने त्याला देश म्हणून मान्य केलं नव्हतं.

"ते सगळं खरं," मावशी म्हणाली. "पण तिकडे भांडतंय कोण? मालकाशी मालक. राजा जाईल, हा आमचा पोपट बसेल. चाबूक तोच."

आपोलिनेर याच वाक्याची वाट बघत होता. तो पुढे झुकला. "म्हणूनच राष्ट्राध्यक्षांनी दमडीसुद्धा मागितली नाही. एकच अट घातलीय. जिथे जिथे उतराल, तिथल्या गुलामांना मोकळं करायचं. त्यांच्या सेनापतीने शब्द दिलाय."

चाळण हलवणारे रुफिनाचे हात थांबले. मावशीने ते पाहिलं.

"शब्द कुणाला दिलाय?"

"राष्ट्राध्यक्षांना!"

"हं," मावशी म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्याच आठवड्यात नार्सिस फेरीवरून परत आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आई, मी जाणार. त्यांना त्या किनाऱ्याचे खडक ओळखणारा सुकाणूवाला हवाय. माझ्याइतकं कोण ओळखतं?"

"नाही."

"आई—"

"एक दिलाय मी. लिंदोर आपल्या फाटकासाठी गेला. तू लोकांच्या फाटकासाठी जाणार? तेही असल्यांच्या शब्दावर, ज्यांना हाक मारून घरात यायचं कळत नाही?"

नार्सिसने रुफिनाकडे बोट दाखवलं. "तिची पोर तिकडे आहे. आपल्याला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही म्हणून आपणही जायचं नाही का?"

 दोन दिवस मावशी नुसत्या भाकरी थापत राहिली.  पोरगा खरं बोलत होता, हेच तिला सहन होत नव्हतं. तिने पाणी सोडलं नाही तर तो जाणार नाही, हे तिला माहीत होतं, आणि तिने नुसतं हात आखडून बसायचं ठरवलं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती.

मग गलबतं निघायची वेळ जवळ आली आणि कप्तानच घाईला आला. तो तव्यासमोर येऊन उभा राहिला आणि जीव तोडून बोलला. तुमचा मुलगा नसेल तर माझं गलबत खडकावर फुटेल. त्याला परवानगी द्या, मादाम, मी हात जोडतो.

"रुफिना," मावशी म्हणाली, "वारा सुटलाय वाटतं. कसला तरी आवाज येतोय."

नार्सिसला हसूही आलं आणि दयाही. तो म्हणाला, "कप्तानसाहेब, आई बहिरी नाही. तुम्ही आल्या दिवशी हाक दिली नाहीत. तिच्या हिशेबाने तुम्ही अजून बाहेरच आहात."

"अजून? म्हणजे दोन महिने?"

"तो पोपट म्हणजे तुम्हीच."

कप्तानाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण माणूस अगदीच वाईट नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने टोपी उचलली, फाटकाबाहेर गेला, कडी लावली आणि म्हणाला, "ओने!"

मावशी भाकरी उलटत राहिली.

"ओने!" तो पुन्हा म्हणाला. एव्हाना आपोलिनेर टकटक करत आला होता, त्याच्यामागे मासळीवाल्या, त्यांच्यामागे गल्ली. रुफिना घाबरून मावशीकडे बघत होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" मावशी म्हणाली. "उत्तर तुझं आहे. मी माझ्या बाजूने त्याला माफ केलं. पण माझा मुलगा ज्या शब्दावर जाणार, तो शब्द तुझ्याबद्दलचा आहे. तो खरा की खोटा, ते तू बघ."

बाहेरून कप्तान म्हणाला, "मादाम, आम्ही तुमच्या राष्ट्राध्यक्षांना शब्द दिलाय."

पहिल्यांदाच मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "राष्ट्राध्यक्षांनी तुमचे बूट नाही पुसले. जिने पुसले तिला द्या."

 रुफिना उठली. हाताला लागलेलं ओलं पीठ तिने लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाला पुसलं आणि फाटकापाशी जाऊन अलीकडे उभी राहिली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो बाहेर होता आणि ती आत.  तिने विचारलं, "माझी लेक कुणाची?"

 कप्तानाच्या बापाने, आजाने ज्या प्रश्नाचं उत्तर वहीत आकडा घालून दिलं होतं, तो प्रश्न त्याला कधी कुणी असा समोर उभं राहून विचारला नव्हता. त्याने फाटकाची फळी धरली आणि म्हणाला, "तुझी."

"आणि माझी आई?"

"तिची ती."

"पुन्हा हाक द्या."

त्याने टोपी काढली. "ओने," तो म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही.

"रेस्पे," रुफिना म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने कडी काढली.

मावशी लगबगीने उठली, तिने चटई झटकून अंथरली आणि म्हणाली, "या, या कप्तान! बसा. कधी आलात ओकायला?"

गल्ली खदखदून हसली. सगळ्यात आधी कप्तान हसला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने त्याच्यापुढे पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने भाकरी ठेवली. "कंद पिळल्याशिवाय विष जात नाही, कप्तान," ती म्हणाली. "खा आता."

निघायच्या दिवशी मात्र तिची मस्करी पार आटली. तिने उंबऱ्यावर पाणी सोडलं. "लिंदोर, याच्यावर लक्ष ठेव रे," एवढंच म्हणाली. नार्सिसला तिने पोटाशी धरलं. मग त्याला ढकलून दिलं, "जा, नाहीतर मी फाटक लावीन," म्हणाली. गलबतं दिसेनाशी झाली तरी ती धक्क्यावरच उभी होती. रुफिनाने तिला हाताला धरून घरी आणलं.

पावसाळ्यात पहिली बातमी आली. ते किनाऱ्यावर उतरले, गुलाम मोकळे झाल्याचं जाहीर झालं, आणि कप्तान उर्बीनाने आपल्या मळ्याच्या अंगणात उभं राहून ते स्वतः वाचून दाखवलं. मात्र पुरुषांनी बंदूक घेतली तरच, अशी वर पुस्ती होती. "अर्धवट पिळलेत अजून," मावशी म्हणाली. पण त्या दिवशी तिने गल्लीतल्या सगळ्या पोरांना भाकरीवर गूळ घालून वाटला. त्यानंतरची बातमी वाईट होती. राजाची फौज चालून आली, गलबतं विखुरली, कोण जगलं कोण मेलं कुणालाच माहीत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष पुन्हा बंदुका देणार आहेत, पुन्हा गलबतं जाणार आहेत, असं आपोलिनेर सांगत राही. त्याचंच पुढे खरं झालं. पण मावशीला तेव्हा त्यात रस नव्हता. ती तवा फाटकाजवळ ओढून तिथेच भाकरी थापू लागली. रुफिना शेजारी कंद किसायची. दोघी एकमेकींना काही विचारत नसत.

एका दुपारी फाटकाबाहेर कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "ओने!"

आवाज लहान मुलीचा होता. फाटकाच्या फळीवरून तिचं डोकंही दिसत नव्हतं. तिच्यामागे नार्सिस उभा होता, दाढी वाढलेला, उन्हाने करपलेला, पण धडधाकट.

मावशीच्या हातातली भाकरी मातीत पडली. रुफिना उभी राहिली, तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"आजी आली नाही," नार्सिस फाटकावरून सांगू लागला. तोही रडत होता. "म्हणाली, कोंबड्या कोण बघणार? आता तिच्या स्वतःच्या आहेत ना त्या!"

"अरे, आत या ना मेल्यांनो!" मावशी ओरडली. उभ्या जन्मात तिने कुणाला असं बोलावलं नव्हतं. तिनेच धावत जाऊन कडी काढली, फाटक सताड उघडलं. "ये गं बाळ, ये आत!"

पोरगी जागची हलली नाही. समोर आई दिसत होती, तरी दोन्ही पाय जुळवून ती बाहेरच उभी राहिली. सगळ्या प्रवासात नार्सिसने तिला एकच गोष्ट पढवली होती.

"आधी उत्तर द्या," ती म्हणाली. "उत्तर आल्याशिवाय कुणाच्या घरात जायचं नसतं."

मावशी उत्तर द्यायला तोंड उघडणार होती, पण तिने जीभ चावली आणि बाजूला झाली.

रुफिना गुडघ्यांवर बसली.  

"रेस्पे," ती म्हणाली.